क्लीनर साईडचे तीन काटे

चहा आधी संपवा, मग सांगतो. घोट तोंडात असताना ऐकलंत तर नाकातून बाहेर येईल, आणि बायको, म्हणजे नयना, मला ओरडेल की पाहुण्यांसमोर हा किस्सा परत कशाला काढलास. आमच्या घरात या किश्श्यावर बंदी आहे. म्हणजे मी सांगण्यावर. बाकी सगळे अगदी रंगवून सांगतात. म्हटलं, आज आपणच सांगून टाकू, निदान माझी बाजू तरी बरोबर येईल. 'बाजू' म्हणालो ना मी? लक्षात ठेवा. सगळा घोळ बाजूचाच आहे.

तर झालं काय, मी गाडीत मीटर बसवून घेतले.

तुम्ही म्हणाल, गाडीला मीटर असतातच की! कसले असतात हो? स्पीडचा काटा, डिझेलचा काटा, झालं. माझ्या गाडीत इंजिन किती तापलंय हे सांगणारा काटाच नाही. त्याच्या जागी एक लाल दिवा आहे. इंजिन पार भाजून निघालं की तो पेटतो. म्हणजे सगळं घर जळून झाल्यावर बेल वाजवून "आग लागलीय बरं का" असं सांगणारा वॉचमन. अशा वॉचमनला तुम्ही ठेवाल?

मी ठेवला होता. आणि त्यानं माझी वाट लावली.

माझं सासर वेसाव्याचं. कोळीवाड्यातलं. सासरे, म्हणजे आमचे बाबा, सगळं आयुष्य मच्छीमार बोटीवर. आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढे ती लागणार आहे. बोटीवर सुकाण धरणारा वेगळा असतो, आणि खाली बसून इंजिन सांभाळणारा वेगळा. त्या इंजिनवाल्याला म्हणतात ड्रायव्हर. बाबा तो ड्रायव्हर. अख्खा कोळीवाडा त्यांना अजून 'डायवर' म्हणूनच हाक मारतो. आणि गंमत सांगू? या डायवरनं रस्त्यावरचं एकही वाहन आयुष्यात चालवलेलं नाही. सायकलसुद्धा नाही.

पण इंजिन? इंजिन म्हणजे त्यांचा जीव. तेलाचा दाब, पाण्याचं तापमान आणि बॅटरी, अशा तीन काट्यांकडे बघत त्यांनी आख्खा समुद्र पालथा घातला. त्यांचं इंजिन कधी बंद पडलं नाही. हे ते स्वतःच सांगतात, रोज सांगतात.

दरवर्षी चैत्रात सासरचं सगळं गणगोत एकविरा आईला जातं. गेल्या वर्षी बाबा माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. आणि पुढची सीट म्हणजे साधी गोष्ट समजू नका. मला एक साडू आहे, विकासराव, मुलुंडला असतात. बाबा ज्याच्या गाडीत पुढे बसणार तो त्या वर्षीचा मोठा जावई, मग वयानं कोणी का मोठा असेना. असं कुणी ठरवलेलं नाही, पण आम्हा दोघांना पक्कं ठाऊक आहे.

आणि घाटात माझ्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ! कुकरची शिट्टी राहिली फक्त. लाल दिवा पेटला, पण कधी? वाफ निघाल्यावर!

बाबा शांतपणे खाली उतरले. बॉनेटजवळ हात नेला, मागे घेतला आणि म्हणाले, "जावय, तुमची गाडी ताप आला तरी सांगत नाय?"

आता बाबा एरवी मला 'अरे सुहास' म्हणतात. 'जावय' आणि 'तुमी' सुरू झालं की समजायचं, पारा चढलाय. तेवढ्यात मागून विकासरावांची ती भलीमोठी नवी गाडी आली. काच खाली झाली.

"सुहासराव, नारळपाणी आणू का? गाडीसाठी?"

बाबा त्या गाडीत जाऊन बसले. पुढे. मी आणि नयना रस्त्याच्या कडेला गाडी थंड होण्याची वाट बघत कलिंगड खात उभे. ते कलिंगड मला अजून आठवतं. एकदम बेचव.

या वर्षी चैत्र जवळ आला तशी नयना म्हणाली, "बाबा म्हणतायत, या वेळी विकासभावोजींच्याच गाडीत बसतो. उगाच घाटात कटकट नको."

"बाबा माझ्या गाडीत बसतील," मी म्हटलं. "पुढे बसतील. आणि घाट चढतील."

"आणि नाही बसले तर?"

"तर मी विकासरावांच्या डिकीत बसून येईन!"

माणसानं असं बोलू नये. पण मी बोलतो. स्वभावाला औषध नाही.

मग मी अभ्यासाला लागलो. मला तुम्ही ओळखता. मी एकदा विषय हातात घेतला की त्याचा भुगा केल्याशिवाय सोडत नाही. गाडीत वेगळे काटे बसवणाऱ्यांची एक दुनियाच आहे! जगभरची माणसं व्हिडिओ टाकतात. एक तर फक्त मीटरच्या मागची वायर कशी लपवायची यावर तासभर बोलला, आणि मी तो तासभर ऐकला. काटे तर मी लगेच निवडले. बाबांचे तीन तेच माझे तीन. तेल, तापमान, बॅटरी. खरा प्रश्न, ते बसवायचे कुठे? त्यासाठी प्लॅस्टिकचा एक साचा मिळतो, त्याला पॉड म्हणतात. वाटीसारखी भोकं असतात त्याला, त्यात मीटर जाऊन बसतात.

पहिला विचार केला डॅशबोर्डच्या मधोमध. पण तिथे सासूबाईंनी स्वतःच्या हातानं एकविरा आईची छोटी मूर्ती चिकटवलेली आहे. तिला हलवायचं? मला काय वेड लागलंय?

मग म्हटलं, एसीची मधली जाळी काढून तिथे बसवू. नयना म्हणाली, "माझ्या तोंडावरचा एसी गेला ना, तर तुझ्या तोंडावर काय येईल ते बघ."

राहिला पुढच्या काचेच्या कडेचा खांब. ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर, रस्त्यावरची नजर न काढता तीन काटे एकाखाली एक. वा! मी व्हिडिओत पाहिलं आणि प्रेमातच पडलो. ही सगळी व्हिडिओवाली मंडळी एक शब्द सारखा वापरतात, 'क्लीन'. क्लीन फिटिंग, क्लीन लुक. वायर दिसता कामा नये, स्क्रू दिसता कामा नये, गाडी कंपनीतूनच तशी आली असं वाटलं पाहिजे. तो शब्द माझ्या तोंडी असा काही बसला की काही विचारू नका. नयनानं भांडी घासून ठेवली तरी मी म्हणायचो, "क्लीन लुक!"

"घासून बघ एकदा," ती म्हणायची.

माझीच गाडी परदेशात दुसऱ्या नावानं विकतात, हे मी शोधून काढलं. तिथल्या एका दुकानात नेमका माझ्या गाडीच्या खांबाचा पॉड मिळाला. खाली स्पष्ट लिहिलेलं, 'ड्रायव्हर साईड'. मी डोळे झाकून ऑर्डर केली. खरंच डोळे झाकून, कारण उघडे असते तर त्यांच्या फोटोत स्टेअरिंग कुठल्या बाजूला आहे ते दिसलं असतं.

हसताय काय? थांबा, अजून काहीच झालेलं नाही.

खोकं आलं ते एकविरेला जायच्या जेमतेम दोन दिवस आधी. कस्टममध्ये अडकलं होतं. मी उघडून बघितलं, काय सुंदर वस्तू! काळी, मॅट, हाताला मऊ. गाडीत लावून बघावी की नाही? नाही बघितली. मला वाटलं, आपण अर्धवट काम करायचं नाही. हे काम कारागिराचं.

कारागीर म्हणजे पिंट्या. माझा शाळेतला दोस्त. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा गाळा आहे, गाड्यांचे स्टिरिओ, हॉर्न, सीट कव्हर सगळं बसवतो. पिंट्याला जगातलं सगळं येतं, असं पिंट्याचं म्हणणं. आमची दोस्ती त्याच्यावरच टिकून आहे, कारण माझंही माझ्याबद्दल तेच म्हणणं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्याच्याकडे गाडी लावली. मीटर दिले, पॉडचं खोकं दिलं, आणि भाषण दिलं.

"पिंट्या, एक लक्षात ठेव. मला क्लीन पाहिजे."

"क्लीन होईल."

"तसं नाही रे. एकदम क्लीन. बघणारा येडा झाला पाहिजे."

"अरे हो रे बाबा, क्लीन म्हणजे क्लीन! तू जा ना यार, माझ्या डोक्यावर बसू नको."

मी घरी आलो. ऑफिसची मीटिंग सुरू होती, घरूनच. एका कानात साहेब आणि दुसऱ्या कानाशी फोन वाजला. पिंट्या. मी मीटिंग म्यूट केली.

"ए, हा पॉड क्लीनर साईडचा आहे रे."

आता मला सांगा. तीन आठवडे ज्याच्या डोक्यात फक्त 'क्लीन' घुमतंय, त्याला 'क्लीनर' ऐकून काय वाटेल? मला वाटलं, पिंट्यानं पॉड हातात घेतला, आणि त्याची फिनिशिंग बघून त्याला इंग्लिश सुचलं. क्लीन, क्लीनर, क्लीनेस्ट! मराठी शाळेतली आमची बॅच. मला त्याचा अभिमान वाटला हो!

"मग? क्लीनरच हवाय मला!" मी म्हटलं.

"नक्की? क्लीनर साईड?"

"अरे, त्याच्यासाठी तर परदेशातून मागवलाय!"

"परदेशातून क्लीनर साईडचा मागवलास?" पॉड परत खोक्यातून काढल्याचा आवाज आला. मग पिंट्या म्हणाला, "काय डोकं आहे रे तुझं! सासऱ्यांसाठी ना? ते इंजिनवाले ना?"

"सासऱ्यांसाठीच तर चाललंय सगळं!" मी म्हटलं. हे खोटं होतं का? अजिबात नाही.

"लावू मग?"

"लाव बिनधास्त!"

म्यूट काढला. साहेब विचारत होते, "सुहास, तुझं काय मत?" मी म्हटलं, "क्लीनर अ‍ॅप्रोच, सर." साहेबांना फार आवडलं. ते अजूनही मीटिंगमध्ये वापरतात.

संध्याकाळी गाळ्यावर गेलो. गाडी पुसून चकचकीत. पिंट्या दारात कमरेवर हात ठेवून उभा, आपल्या हातानं ताजमहाल बांधल्यासारखा. मी ऐटीत ड्रायव्हरचं दार उघडलं, बसलो, उजवीकडच्या खांबाकडे बघितलं.

खांब कोरा.

"पिंट्या, काटे कुठायत?"

"ते काय!"

तो डावीकडे बोट दाखवत होता. डावीकडच्या खांबावर, माझ्या शेजारच्या सीटच्या बरोब्बर समोर, एकाखाली एक तीन मीटर. तोंडं सगळी त्या सीटकडे. मला माझ्या जागेवरून काय दिसत होतं? तीन गोल कडा. लग्नात मागच्या रांगेत बसलं की जेवढं दिसतं, तेवढंच.

"अरे हे तिकडे का लावलंस?"

"का म्हणजे? क्लीनर साईडचा पॉड क्लीनर साईडलाच लागणार ना!"

"क्लीनर साईड म्हणजे?"

पिंट्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कांदिवलीत नाही, कुठल्या दुसऱ्या ग्रहावर वाढलोय. "अरे ट्रकवर ड्रायव्हर बसतो ती ड्रायव्हर साईड. आणि क्लीनर बसतो ती क्लीनर साईड. डावी. तुला दोनदा विचारलं मी! तूच म्हणालास, क्लीनरच हवाय!"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या परदेशातला ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्यांची ड्रायव्हर साईड ती आपली क्लीनर साईड. आणि मी, इतका अभ्यास करून, चालत जाऊन खड्ड्यात पडलो होतो.

"काढ. उजवीकडे लाव."

"बसणारच नाही तो. त्या खांबाचा आकार उलटा. आणि काढायचा म्हणालास तर खांबाला भोकं पाडलीत, चिकटवलाय, वायर सगळी गालिच्याखालून नेलीय. तुलाच क्लीन पाहिजे होतं ना?"

"उद्या पहाटे निघायचंय रे!"

"मग चांगलंय की! सासऱ्यांना टाइमपास."

आता दुसरा कोणी असता तर मटकन खाली बसला असता. मी नाही बसलो. घरी जाताजाता चारकोपच्या मार्केटपाशी सिग्नल लागला, आणि तिथेच मला सुचलं. पिंट्या बोलला ते खरंच होतं की! चूक म्हणायचंच कशाला? ही तर योजना! घरी पोचून मी नयनाला फोटो दाखवला आणि म्हटलं, "खास बाबांसाठी बनवून घेतलं."

तिनं फोटो मोठा करून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "खरं सांग, चुकलं ना?"

"छे!"

"सुहास."

"अगं, छे म्हटलं ना!"

तिनं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'बाबा, सुहासने तुमच्यासाठी केलंय.' आता मागे फिरायची सोयच नाही. पण बाबांचा लगेच फोन आला. "सुहास, तेलाचा काटा पन हाय?"

'सुहास' म्हणाले! 'जावय' नाही! मी जिंकलो होतो.

पहाटे वेसाव्याला पोचलो. विकासरावांची गाडी आधीच दारात उभी, पुढचं दार उघडून. बाबा बाहेर आले, धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. विकासरावांच्या उघड्या दारावरून चालत सरळ माझ्या गाडीकडे. आत वाकून काटे बघितले. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बघितले. मग बसले. पुढे.

विकासरावांना राहवलं नाही. "सुहासराव, हे काटे उलट्या बाजूला नाही का लागले?"

"विकासराव," मी म्हटलं, "विमानात पण पायलट दोघं असतात."

काय तोंड झालं हो त्यांचं! तिथल्या तिथे किस्सा संपला असता तर मी आयुष्यभर तो सांगत फिरलो असतो. पण गाडी सुरू झाली, आणि बाबाही सुरू झाले.

"दाब चांगला हाय. पानी थंड हाय. जाऊ दे हलू."

सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून जावं तसा मी वेसाव्यातून बाहेर पडलो. जरा वेग वाढवला की, "घाई नको! इंजिन अजून जागं नाय जालं." अंधेरी ओलांडून पवईपर्यंत येईतो ते जागं झालं, आणि तलावाजवळच्या सिग्नलला गाडी थांबली. गाडी थांबली की तेलाचा दाब थोडा उतरतो. सगळ्याच गाड्यांचा उतरतो.

"दाब पडला!" बाबा ओरडले. "सुहास! दाब पडला!"

बाजूच्या रिक्षातली बाई दचकून बघायला लागली. तिला वाटलं, म्हातारबाबांचंच ब्लडप्रेशर. तिनं पिशवीतून लिमलेटची गोळी काढून खिडकीतून पुढे केली. बाबांनी ती घेतली, तोंडात टाकली आणि काट्याकडे बघत म्हणाले, "वर आन, वर आन!" मी सिग्नलला उभ्या उभ्या अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसलो. मागच्या सीटवर सासूबाई डोक्याला हात लावून. "आवो, पोरगा गारी चालवतंय ना?"

"चालवतंय? यो निसता सुकाण धरून बसलाय. सुकाण कोन पन धरतं."

ऐकलंत? आदल्या रात्रीपर्यंत मी गाडीचा मालक होतो.

घाट सुरू झाला. आता मी स्टेअरिंग घट्ट धरलं, कारण गेल्या वर्षीची ती जागा जवळ येत होती. मला तर काही दिसत नाही. तीन गोल कडा. सगळा भरवसा बाबांवर. आणि खरं सांगतो, बाबा काय रंगात आले होते! "एसी बंद!" बंद. "गियर उतरव!" उतरवला. "आता दम धर... दम धर... हां, सोड!" गेल्या वर्षी जिथे वाफ निघाली होती ते वळण आलं आणि गेलंसुद्धा. मागे विकासराव. मी आरशात बघून मिशीवरून बोट फिरवलं. मिशी नाहीये मला, तरी फिरवलं.

आणि बाबा किंचाळले.

"काटा मेला! थांबव! तेलाचा काटा मेला!"

काटा मेला म्हणजे तेलाचा दाब शून्य. म्हणजे इंजिन आत्ताच्या आत्ता बंद करा, नाहीतर कायमचं बंद. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दिवे लुकलुकत ठेवले. बाबा खाली उतरले आणि हुकूम सोडला, "तेल बग. वायर बग."

तेल बघितलं, बरोबर होतं. म्हटलं, वायरच असणार. तर मी डावीकडच्या दारातून आत घुसलो, आणि पोटावर झोपून सीटखाली, गालिच्याखाली डोकं घातलं. पाय दाराबाहेर. आणि तिथे काय सापडलं? वायर! पिंट्यानं क्लीन दिसावी म्हणून लपवलेली वायर. तिच्यावर बाबांनी नारळांची पिशवी ठेवली होती, आणि घाटाच्या वळणावर नारळ घरंगळले आणि त्यांनी ती उपटली होती.

तेवढ्यात मोटरसायकल थांबल्याचा आवाज. हायवे पोलीस.

"इथे गाडी का थांबवली? ड्रायव्हर कोण?"

मी आतून ओरडणार, तोवर बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "मी डायवर."

"लायसन?"

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. ती ते कायम जवळ बाळगतात. पोलिसानं उघडून बघितलं, उलटून मागची बाजूही बघितली.

"काका, हे बोटीच्या इंजिनाचं आहे."

"मंग? माजं इंजिन कंदी बंद पडलं नाय."

"आत्ता तर पडलंय."

"पडलं नाय. मी पाडायला सांगितलं. काटा मेला ना!"

"काका," पोलीस शांतपणे म्हणाला, "ही गाडी कोण चालवत होतं?"

"काटे कोनासमोर हायत?" बाबांनी विचारलं. "बगा आत. माज्यासमोर. जो काटे बगतो तो डायवर."

पोलिसानं वाकून आत बघितलं. काटे बघितले. मग त्याला गाडीतून बाहेर आलेले माझे दोन पाय दिसले.

"आणि हा कोण?"

बाबांनी माझ्या पायांकडे बघितलं. बोटीला बर्फ घेऊन येणाऱ्या ट्रकचे ड्रायव्हर आणि क्लीनर त्यांनी आयुष्यभर बघितलेले. त्यांना जो शब्द नीट माहीत होता तोच त्यांनी वापरला.

"यो? यो क्लीनर."

मागे विकासरावांनी गाडी थांबवली होती. काच खाली. सगळं ऐकलं त्यांनी. एवढे हसले की त्यांचा हॉर्न दाबला गेला.

मी वायर जोडली, बाहेर आलो, लायसन दाखवलं. पोलिसानं ते बघितलं, परत दिलं आणि बाबांना सलाम ठोकून म्हणाला, "डायवरसाहेब, इथे थांबू नका. क्लीनरला सांगा, गाडी पुढे घ्यायला."

बाबा बसले. मी बसलो. काटा वर आला. "जाऊ दे," ते म्हणाले. आणि आम्ही पुढे गेलो, कुठेही न तापता, थेट एकविरेच्या पायथ्याशी.

पायऱ्या चढायच्या आधी चहाला टेकलो. बाकीचे फुलं घ्यायला गेले.  मला वाईट वाटत होतं, उगाच नाही कशाला म्हणू? बाबा बशीत चहा ओतून म्हणाले, "सुहास, बोट सोडल्यापास्नं कोनी मला काय विचारत नाय. दाब किती, पानी किती. आज विचारलंस तू. बरं वाटलं."

 म्हटलं, आता एवढं बोलतायत, तर खरं सांगून टाकू. "बाबा, ते काटे..."

"चुकून लागले. म्हायत हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, फोटो बगला तवाच. परदेशी मालाला बाजू उलटी येते, आमचे बोटीवर पन येकदा आलेली." त्यांनी बशी खाली ठेवली. "पन आता हात लावू नको. डायवर कंदी जागा बदलत नाय."

दुसऱ्याच आठवड्यात पिंट्याचा फोन. उजव्या खांबाचा पॉड मिळालाय म्हणाला, काटे हलवून देतो, ये. मी "नको" म्हटलं. शिवाय विकासरावांनीही त्याचा नंबर माझ्याकडून घेतला. बाबांनी जाहीर केलंय ना, ज्या गाडीत काटे नाहीत त्या गाडीत बसणार नाही म्हणून. डाव्या बाजूला लावून घेणार आहेत म्हणे विकासराव, मुद्दाम, परदेशातून मागवून.

पण त्यांचं खोकं अजून कस्टममध्ये आहे. म्हणजे सध्या तरी मोठा जावई मीच.

आता तर दर रविवारी सकाळी वेसाव्याहून फोन येतो. 'सुहास' गेलं, 'जावय' पण गेलं. पलीकडून आवाज येतो, "क्लीनर, गारी काढ."

आणि मी चावी घेऊन निघतो. जाताना काच पुसायला फडकंही घेतो.